पत्रा की स्लॅब

घर बांधायचं ठरलं तेव्हा आमच्यात पहिला वाद नकाशावरून झाला नाही, पैशावरूनही नाही. छपरावरून झाला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मी म्हणतो, एकच वाक्य धरून बसल्या : "मेरेकू पत्राच अच्छा है. पत्रा गिरेंगा तो आदमी उठके बैठता. पत्थर गिरेंगा तो नइं बैठता."

बाहेरच्या माणसाला हे हट्टी म्हातारीचं बोलणं वाटेल. लातूर-धाराशिवच्या माणसाला वाटणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अम्मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात माळवदाच्या घरात झोपल्या होत्या. त्या घरात त्यांच्या सासू गेल्या आणि सहा वर्षांचा धाकटा मुलगा गेला. माझा नवरा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावातली सगळी पोरं विसर्जनाची मिरवणूक बघून देवळाच्या ओट्यावरच आडवी झाली होती. त्यात हाही होता, म्हणून आहे. ननंद मामाकडे गेली होती, म्हणून आहे. अम्मींना दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. त्यानंतर सरकारी शेडमध्ये, मग पुनर्वसनाच्या घरात, मग लातुरात भाड्याच्या खोल्यांत त्या राहिल्या. पण स्लॅबखाली झोपायची वेळ आली की आजही त्यांची खाट दाराला चिकटून असते.

त्या भूकंपाची तीव्रता 6.2 ते 6.4 च्या दरम्यान मोजली गेली. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसं मरत नाहीत. इथे हजारो मेली, कारण आपली घरं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दगडी भिंती, दगडांमध्ये चुना नाही, सिमेंट नाही, नुसती माती. बाहेरच्या बाजूला एक दगड, आतल्या बाजूला एक दगड आणि मध्ये भर. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि त्यावर दीड-दोन फूट मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती नको म्हणून त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात हे घर थंडगार असायचं, आणि आमच्या भागातल्या जुन्या माणसांना माळवदाचा अभिमान होता. पण हलल्यावर भिंत दोन्हीकडे फुटली आणि वरची माती खाली आली. भारतीय मानकांच्या भूकंप नकाशात आमचा हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 2002 च्या सुधारणेत तो झोन 3 मध्ये आला. नकाशा बदलायला किती किंमत द्यावी लागली ते अम्मींना विचारा.

तेव्हा त्यांचं म्हणणं भावनेचं नव्हतं. त्यांच्या अनुभवानुसार छप्पर म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे मरण. प्रश्न होता तो हा, की 2021 साली आम्ही बांधणार असलेली स्लॅब म्हणजे त्यांचं माळवदच आहे का?

आमचा इंजिनिअर माझाच जुना विद्यार्थी. उर्दू माध्यमातून दहावी, मग सिव्हिलचा डिप्लोमा, मग डिग्री. मला अजून "बाजी"च म्हणतो. त्याने अम्मींसमोर बसून जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं वाटलं. तो म्हणाला, "अम्मी, वजनाला माणूस मरत नाही. सुटलेल्या वजनाला मरतो." कॉलम, बीम आणि स्लॅब एकमेकांत गुंतलेले असले तर घर पेटीसारखं एकत्र हलतं. गुंतलेले नसले तर स्लॅबही माळवदच. 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत कितीतरी नव्या इमारती बसल्या. त्या दगडमातीच्या नव्हत्या, काँक्रीटच्याच होत्या, खाली पार्किंगसाठी नुसते खांब ठेवलेल्या. म्हणजे स्लॅब आहे म्हणून निश्चिंत राहायचं नाही आणि स्लॅब आहे म्हणून घाबरायचंही नाही.

अम्मींनी सगळं ऐकलं, त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "तेरा सही है बेटा. मेरेकू पत्राच अच्छा."

मग आम्ही तसंच केलं. घर स्लॅबचं, साडेसहाशे चौरस फूट, कॉलम-बीमचं. आणि त्याच्या पुढे, अंगणाच्या बाजूला, अम्मींची खोली वेगळी : नऊ इंची विटांच्या भिंती, सिमेंटमध्ये, कोपऱ्याकोपऱ्यात उभी सळई, आणि जोत्यावर, दरवाजा-खिडकीच्या वर आणि छपराखाली असे तीन सलग काँक्रीटचे पट्टे. वर पत्रा. मुख्य घराच्या भिंतीला ती खोली जोडलेली नाही, मध्ये दोन इंचांची फट ठेवली आहे, म्हणजे हललं तर दोन्ही आपापल्या तऱ्हेने हलतील. दार थेट अंगणात, बाहेर उघडणारं. मिस्त्री म्हणाला, मॅडम, दार बाहेर उघडत नसतं. मी म्हटलं, या खोलीचं उघडतं.

पत्र्याविषयी लोकांचा एक गैरसमज आहे, की पत्रा म्हणजे स्वस्तात सुटका. खेड्यात पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवतात. भूकंपात तेच दगड खाली येतात. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडाला तर तो पात्यासारखा जातो. म्हणून पत्रा लोखंडी पाइपांना स्क्रूने, दर दोन-तीन नळ्यांना एक असा आवळून घ्यावा लागतो, आणि पाइप भिंतीच्या वरच्या पट्ट्यात आधीच गाडलेल्या बोल्टना. त्यात उन्हाळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि नुसत्या पत्र्याखाली भाकरी भाजता येईल. खाली बांबूच्या चटयांचं छत, मध्ये नऊ इंच मोकळी जागा, दोन्ही बाजूंना झरोके म्हणजे गरम हवा बाहेर, आणि वरून पांढरा रंग. एवढं केलं तेव्हा ती खोली चौरस फुटाला स्लॅबपेक्षा फार स्वस्त पडली नाही.

छपराच्या आधीची गोष्ट जमिनीची. गावाकडे अब्बांच्या नावावर एक एकर कोरडवाहू होतं. अब्बा 2017 ला गेले. सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ आली तेव्हा तलाठी कार्यालयाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाने न विचारताच हक्कसोड पत्राचा मसुदा काढला. बहिणीने सही करायची, जमीन भावाची. "सगळे असंच करतात," तो म्हणाला, आणि खोटं बोलत नव्हता. हिंदूंच्या घरात 2005 च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला, आमच्या घरात चौदाशे वर्षांपूर्वी ठरलेला वाटा आहे, आणि दोन्हीकडच्या मुली त्याच टेबलावर त्याच कागदावर सही करतात. भावाच्या निम्मा का होईना, पण तो वाटा कुणाच्या मेहेरबानीचा नाही, हे आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात फार कमी ऐकू येतं. लग्नात खर्च केला, ईदला साडी दिली, मग वाटा कसला, हे मात्र सर्रास ऐकू येतं.

माझ्या नवऱ्याने हिशेब सरळ केला. बायको म्हणून अम्मींना आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. चोवीस भाग केले की अम्मींचे तीन, त्याचे चौदा, ननंदेचे सात. जमीन 12 लाखांना गेली. दीड लाख अम्मींचे, सात लाख त्याचे, साडेतीन लाख ननंदेचे, आणि तिचे पैसे तिच्या खात्यात जमा झाल्यावरच आम्ही प्लॉट बघायला निघालो. अम्मींनी त्यांचे दीड लाख उमऱ्यासाठी ठेवले. घरासाठी मागायची आमची हिंमत नव्हती, इच्छाही नव्हती.

प्लॉट बघणं हा वेगळाच अभ्यासक्रम. दोन ठिकाणी फोनवर भाव ठरला, प्रत्यक्ष भेटीत नावं सांगितली आणि "कालच बुक झाला" असं उत्तर आलं. एका ठिकाणी तर पाटी पुढे दोन महिने तशीच उभी होती. माझ्या शाळेच्या रस्त्यावरच ती. यावर मी इथे जास्त लिहीत नाही. एवढंच की याचा परिणाम भावनेवर होतो तितकाच खिशावरही होतो. जिथे आपल्याला सहज मिळतं तिथेच सगळे जाऊन पडतात, आणि तिथे भाव वाढतो पण रस्ता, गटार, दिवा येत नाही. शिवाय अशा वस्त्यांत कितीतरी प्लॉट हे बिनशेती न केलेल्या शेतजमिनीचे तुकडे असतात. आम्ही बघत होतो तेव्हा 1947 चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा, खरेदीखत व्हायचं नाही, आणि लोक स्टँपपेपरवर नोटरी करून आयुष्याची कमाई देऊन मोकळे व्हायचे. नोटरी म्हणजे मालकी नव्हे. सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर लेआउट आणि वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध, हे पाचही हातात आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. आम्ही यात चौदा महिने घालवले. शेवटी 30 बाय 40 चा, म्हणजे एका गुंठ्याहून थोडा मोठा, साडेनऊ लाखांत मिळाला. शेजारी डावीकडे एक एसटी कंडक्टर, उजवीकडे नांदेडकडचे एक शिक्षक. मशीद अर्ध्या किलोमीटरवर. अजान वारा असेल तशी येते.

साडेनऊपैकी सात त्याचे, अडीच माझे. खरेदीखतावर दोघांची नावं आहेत. नातेवाईकांत यावर बरीच कुजबुज झाली, की बायकोचं नाव कशाला. माझ्या मते उलट विचारायला हवं. शरीयतनुसार बायकोला छप्पर देणं नवऱ्याची जबाबदारी, आणि बायकोची कमाई तिची. ती घरात पैसा घालते तेव्हा एक तर ते बक्षीस असतं, नाही तर तो हिस्सा असतो. काय आहे ते आधीच लिहून ठेवलं की पुढे मुलांना, काझींना आणि कोर्टाला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आता पैसा. मी 2008 ला लागले, म्हणजे 1 नोव्हेंबर 2005 नंतरची. जुनी पेन्शन नाही आणि भविष्य निर्वाह निधीही नाही, की ज्यातून घरासाठी रक्कम काढता येते. पण पगारपत्रक असल्यामुळे बँका मागे लागल्या. एका अधिकाऱ्याने कॅल्क्युलेटर काढून दाखवलं : 15 लाख, 9 टक्के, वीस वर्षं, हप्ता साडेतेरा हजार. मी एकूण बेरीज विचारली. 32 लाखांच्या पुढे. तो म्हणाला, मॅडम, वीस वर्षांनी पैशाला किंमत काय राहणार आहे. त्याचं म्हणणं अर्थशास्त्रात बरोबर आहे.

व्याजाबद्दल आमच्या घरात आणि स्टाफरूममध्ये जितकी चर्चा झाली तितकी कुठल्याच विषयावर झाली नसेल. एका मौलानांनी साफ नकार दिला. दुसऱ्यांनी विचारलं, भाड्याचं घर आहे ना, डोक्यावर छप्पर आहे ना, मग ही मजबुरी नाही, गरज आहे. आणि दोन्हींत फरक आहे. माझ्या एका सहकारी बाजींनी कर्ज घेतलं आहे. विधवा आहे, दोन मुली, घरमालकाने तीन महिन्यांत खोली रिकामी करायला सांगितलेली. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे तिच्या जागी नसताना मी सांगणार नाही. आमच्याकडे नवरा हात-पाय धड असलेला, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालणारं, माझा पगार चालू. आम्ही ठरवलं, व्याज नको; घर चार वर्षांत झालं तरी चालेल.

मग पैसा असा उभा राहिला : शाळेतल्या वीस जणींची पाच हजारांची भिशी, तिचा एक नंबर, सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचे रडतखडत आलेले हप्ते, दुकानातली शिल्लक, माझं सोनं. आणि ननंदेचं चार तोळे, कर्ज-ए-हसना. ती म्हणाली, भाभी, कागद कशाला, मी काय परकी आहे? सूरह बकराहची 282 वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, नमाजेबद्दल नाही आणि रोज्याबद्दल नाही. कर्ज लिहून ठेवण्याबद्दल आहे. मी साध्या वहीच्या कागदावर लिहिलं, साक्षीदार घेतले आणि त्यात एक ओळ मुद्दाम घातली, की परत करायचं ते सोनं, वजनाने, रुपये नाहीत.

2021 च्या सुरुवातीला दहा ग्रॅमचा भाव 48 हजारांच्या आसपास होता. चार तोळ्यांचे 1 लाख 92 हजार आले. 2023 मध्ये दोन तोळे परत केले तेव्हा भाव साठ हजारांवर, आणि 2024 च्या दिवाळीआधी उरलेले दोन केले तेव्हा 75 हजारांच्या पुढे. जवळपास पावणेतीन लाख गेले. दिराने, म्हणजे नवऱ्याच्या चुलतभावाने, मला डिवचलं : भाभी, बँक बरी होती की. मी म्हटलं, बँकेने माझ्याकडून जास्त घेतलं असतं तर ते बँकेचं झालं असतं. ननंदेचं चार तोळे होतं, चार तोळे आलं. भाव वाढला तो तिचा. सोनं तिच्याकडेच राहिलं असतं तरी वाढलंच असतं. तो अजून पटवून घेत नाही. असो.

तुकड्यातुकड्याने बांधण्याचा एक फायदा मला नंतर कळला. आमची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर उभं केलेलं घर चार वर्षांत चिरतं. सहा फूट खणल्यावर पक्का मुरूम लागला, फुटिंग तिथे बसवले, जोत्याचा बीम ओढला, आतली काळी माती काढून मुरूम भरला. आणि पैसे संपले. तो मुरूम एक अख्खा पावसाळा उघडा पडून राहिला, पाण्याने आपोआप बसला, चार बोटं खाली गेला. वर लगेच फरशी केली असती तर ती चार बोटं फरशीखाली गेली असती. फक्त वर आलेल्या कॉलमच्या सळ्यांना सिमेंटचं दाट पाणी फासून ठेवावं लागलं, गंजू नयेत म्हणून. जोतं रस्त्यापासून अडीच फूट वर घेतलं. दर निवडणुकीला जुन्या रस्त्यावर नवा थर पडतो आणि घरं खड्ड्यात जातात, हे आमच्या जुन्या मोहल्ल्यात पायऱ्या मोजून कळतं. एके काळी तीन पायऱ्या चढून जायचे, आता दोन उतरून जातात.

सळई मी स्वतः वजन करून घेतली. सूत्र सोपं आहे, सातवीचं पोरगंही करेल : व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले 162, म्हणजे एका मीटरचं किलोत वजन. बारा मिलिमीटरची बारा मीटर सळई 10.66 किलो भरायला हवी. पहिल्या दुकानात साडेनऊ भरली. दुकानदार म्हणाला, मॅडम, आजवर कुणी मोजली नाही. दुसऱ्या दुकानात गेलो.

कॉलमच्या रिंगांवरून मिस्त्रीशी खरं भांडण झालं. रिंगेची टोकं तो काटकोनात वळवून सोडायचा. इंजिनिअरचं म्हणणं, टोक आणखी आत, 135 अंशांत वळवून कॉलमच्या पोटात जायला हवं, आणि बीमच्या जवळ, वर-खाली, रिंगा दाट हव्यात. कारण भूकंपात कॉलम तिथेच फुटतो. काटकोनी टोक उघडतं, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि वरची स्लॅब खाली. मिस्त्री वीस वर्षांचा अनुभव सांगत होता. तेवढ्यात अम्मी, ज्यांचा स्लॅबवर विश्वासच नव्हता, खुर्ची घेऊन सेंट्रिंगवाल्यासमोर बसल्या आणि दोन दिवस एकेक रिंग बघत राहिल्या. त्यांना अंश कळत नव्हते. त्यांनी हाताचं बोट आत वळवून दाखवलं, "ऐसा. मुठ्ठी जैसा." त्यानंतर एकही रिंग उघडी सुटली नाही.

दिशेवरून गंमत झाली. इथून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. हनफी मसलकानुसार संडासात बसताना किबल्याकडे तोंड नको आणि पाठही नको, बंद घरात असलं तरी. म्हणून भांडं उत्तर-दक्षिण. कोकणातली माझी शाफई मैत्रीण म्हणते, आमच्यात चार भिंतींच्या आत तेवढी सक्ती नाही. मी मिस्त्रीला कसं सांगावं या विचारात होते, तर तोच म्हणाला, "मॅडम, वास्तूप्रमाणे भांडं उत्तर-दक्षिणच पाहिजे." झोपायची खोलीही तशीच जुळली. त्याला उशी उत्तरेला नको, आम्हाला पाय पश्चिमेला नकोत; उशी दक्षिणेला केली आणि दोघं खूश. स्वयंपाकघर त्याच्या मते आग्नेयेला हवं होतं. मला ते जिथून अंगण आणि अम्मींचं दार दिसेल तिथे हवं होतं. ते ईशान्येला आलं. तो दोन दिवस नाराज होता.

स्लॅबचा दिवस गुरुवार निघाला. आमच्याकडे स्लॅबला मजुरांना मटण द्यायची रीत, पण अर्ध्या टोळीचा गुरुवार. मग खिचडी, कढी आणि शिरा. मिस्त्रीने मिक्सरपुढे नारळ फोडला, अम्मींनी साखरेवर फातिहा दिली, आणि घमेली सुरू झाली. माझं त्या दिवशीचं काम एकच होतं : बादली मोजणं. सिमेंटच्या पन्नास किलोच्या पिशवीला पंचवीस लिटरपेक्षा जास्त पाणी नाही. मजुरांना पातळ माल सोपा पडतो, पसरतो लवकर. पण जास्तीचं पाणी वाळून जातं आणि काँक्रीटमध्ये पोकळ्या ठेवून जातं. दुपारनंतर ऊन वाढलं तशी पाणी घालण्याची घाईही वाढली. मी मिक्सरजवळून हलले नाही. माल डोक्यावरून नेणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यांना रोज मिळतात त्याहून शंभर रुपये कमी, पुरुषांपेक्षा, काम तेच. त्या दिवशी आम्ही ते शंभर वरून दिले, ठेकेदाराने वेगळं तोंड केलं.

आणि मग पाणी. स्लॅब टाकली की तिला एकवीस दिवस ओलं ठेवा म्हणतात. मानकं साध्या सिमेंटला किमान सात आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस सांगतात. लातूरमध्ये हे ऐकायला सोपं आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं हे अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं. आम्ही तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो, आणि त्या वर्षी शहरात कुणी स्लॅब टाकलेली मला आठवत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांत आधी, जोत्याच्याही आधी, जमिनीखालचा हौद बांधला : आठ बाय सहा बाय सहा फूट, आठ हजार लिटर. त्यातच पावसाचं पाणी आणलं. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छत साठ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर बेचाळीस हजार लिटर पडून जातात. पहिला पाऊस बाहेर सोडायचा, नंतरचा वाळू-कोळशाच्या टाकीतून हौदात, भरून वाहिलं की बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात. वुजूसाठी अंगणात एक बसकी ओटी केली आहे, तिचं पाणी लिंबाच्या झाडाला जातं. पाचजणांचं पाच वेळचं वुजूचं पाणी एका झाडाला पुरून उरतं. शोषखड्डा मात्र हौदापासून जितका लांब नेता येईल तितका, प्लॉटच्या विरुद्ध कोपऱ्यात. तीस बाय चाळीसमध्ये लांब ते किती जाणार, पण गेलो.

2024 च्या डिसेंबरात राहायला आलो. खिडक्यांना जाळ्या अजून नाहीत, बाहेरून गिलावा नाही, वरचा जिना अर्धा आहे. स्लॅबच्या वर कॉलमच्या सळ्या दोन-दोन फूट उभ्या सोडल्या आहेत. मुलाला वाटतं वर त्याची खोली होईल. इंजिनिअरने फुटिंग एक मजला वर चढवता येईल असेच धरले आहेत. नवरा काही बोलत नाही. अम्मी संध्याकाळी अर्ध्या जिन्यावर बसतात आणि त्या सळ्यांना सिमेंटचं पाणी लागलं का, दर पावसाळ्याआधी विचारतात. मुलगी अम्मींच्या खोलीत झोपते. पावसात पत्र्याचा आवाज इतका होतो की दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही, आणि दार अंगणाकडे उघडंच असतं.